सिर्कूच्या निरोपाची कॉफी

"मी असं म्हणणार नाही," सिर्कू म्हणाली.

साम्प्साला वाटलं, तिला नीट ऐकू आलं नसेल. त्याने खुर्ची पुढे ओढली आणि तेच पुन्हा, जरा गोड आवाजात सांगितलं. "अगं, फार काही नाही. शुक्रवारी तुझ्या निरोपाची कॉफी. सगळे असतील, योआकिमही येतोय. तू आपले दोन शब्द बोलायचे. जुनं मशीन थकलं होतं, त्यामुळे सगळ्यांना त्रास झाला, आता नवी माणसं बघतील. एवढंच. म्हणजे कुणाच्या मनात काही राहणार नाही."

"मशीन जुनं आहे, हे म्हणते की. त्रास त्याच्यामुळे झाला, हे मात्र म्हणणार नाही. कारण ते खोटं आहे."

"सिर्कू, शेवटच्या दिवशी कशाला हट्ट?"

"शेवटच्या दिवशी खोटं कशाला?" असं म्हणून ती उठली आणि दार उघडंच टाकून निघून गेली. साम्प्साला उघडी दारं आवडायची नाहीत, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

साम्प्सा हैस्कानेन हा संघाचा नवा संचालक. मागच्या वसंतात शहरातून आलेला, चाळिशीतला, सरळ माणूस. तो वाईट असता तर सिर्कूला सोपं गेलं असतं.

लेहतोहार्यूच्या वनमालक संघाची कचेरी म्हणजे तळ्याकाठची एक पिवळी दुमजली इमारत आणि तिच्यातली डझनभर माणसं. कुणाचं रान कुठे संपतं, कुठली झाडं यंदा तोडायची, कुठे रोपं लावायची, हा सगळा कारभार नकाशांवर चालतो, आणि नकाशे असतात मेत्सोवर. मेत्सो हा रानातला मोठा काळा कोंबडा. कचेरीतल्या यंत्रांना पाखरांची नावं देणं हा सिर्कूचा जुना छंद. नकाशांचं यंत्र मेत्सो, आणि तिच्या खोलीच्या कोपऱ्यात घुरघुरणारं सगळ्यात जुनं यंत्र प्योल्लो, म्हणजे घुबड.

माणसाला नाव लक्षात राहतं, यंत्राला आकडे लागतात. कुणी 'मेत्सो' म्हणून हाक मारली की तो कुठल्या आकड्यावर राहतो हे सांगायचं, हे प्योल्लोचं काम. सकाळी कचेरीत शिरलेल्या प्रत्येक यंत्राला 'हा तुझा आजचा आकडा, आणि कुणाचा पत्ता हवा तर मला विचार' असं बजावणं हेही त्याचंच काम. शिकलेली माणसं याला डीएनएस वगैरे म्हणतात. सिर्कूही शिकलेलीच होती, पण ती घुबडच म्हणायची. तिने हे सगळं जाळं स्वतःच्या हाताने उभं केलं होतं, भिंतीत भोकं पाडण्यापासून.

तर महिन्याभरापूर्वी मेत्सो हरवायला लागला. म्हणजे तो जागेवर होता, चालू होता, पण लोकांच्या यंत्रांना सापडेना. आज याला, उद्या तिला. यंत्र बंद करून पुन्हा लावलं की कधी सापडायचा, कधी नाही. गंमत अशी की बाहेरचं सगळं जग दिसायचं. हेलसिंकीतलं हवामान दिसायचं, ऑस्ट्रेलियातल्या मेंढ्या दिसायच्या, शेजारच्या खोलीतले नकाशे तेवढे दिसायचे नाहीत. सकाळच्या आणि दुपारच्या कॉफीनंतर तर हमखास. औलिस नावाचा म्हातारा वनसल्लागार होता, त्याने यावर विनोदही करून ठेवला होता. "कॉफी प्यायली की मला उजेड पडतो, आणि माझ्या यंत्राला अंधार."

सगळे हसले. विचार कुणीच केला नाही.

साम्प्साने दक्षिणेतल्या एका सेवा कंपनीला फोन लावला. त्यांच्या योआकिमने तिथूनच यंत्रं तपासली आणि निदान केलं की नावं सांगणारं मशीन उत्तर देत नाही. मशीन फार जुनं आहे. ते गेलंच पाहिजे. ते जाणार म्हणजे सगळं जाळं कंपनीकडे जाणार, आणि जाळं गेलं की सिर्कूला करायला काही उरणार नाही, हे ओघानेच आलं. साम्प्साने तिला हे समोर बसून, मान खाली घालून सांगितलं. वर सांगितलं की आता कामाच्या वेळात तारांना हात लावू नकोस, उगाच गोंधळ वाढेल.

सिर्कू तोल्वानेनचं वय अठ्ठावन्न. या वयात लेहतोहार्यूत दुसरी नोकरी मिळायची म्हणजे तळ्यात शार्क मिळण्यासारखं. पण नोकरीपेक्षाही तिच्या जिव्हारी लागलं ते खापर. तिच्या घुबडाने महिनाभर लोकांना चुकीच्या वाटेला लावलं, असं गावात बोललं जाणार होतं, आणि गाव एवढंसं की दुकानात बटाटे घेतानाही ते कानावर येणार.

तिची आई गावच्या टेलिफोन एक्स्चेंजवर बसायची. लोक नाव सांगायचे, आई जोडून द्यायची. एकदा कुणा बड्या माणसाने पिऊन भलत्याच घरी फोन लावला आणि दुसऱ्या दिवशी आईनेच चुकीचा जोडला म्हणून आरडाओरडा केला. वरिष्ठ आईला म्हणाले, चूक झाली म्हण आणि मोकळी हो. आई म्हणाली, जे नाव मागितलं तेच जोडलं. आठवडाभर तिच्याशी कुणी बोललं नाही, पण तिचं उत्तर बदललं नाही. सिर्कू तेव्हा टेबलाखाली बसून चित्रं काढत होती. तिला ते सगळं लख्ख आठवत होतं.

खरं काय आहे हे सिर्कूला अर्धं कळलं होतं, आणि अर्धं कळणं फार वाईट. एकदा औलिसच्या यंत्रातून मेत्सो गायब झाला, तेव्हा औलिसने ते बंद करायच्या आत तिने त्याचा हात धरला. "थांब रे बाबा, मला बघू दे." तिने पाहिलं की हे यंत्र पत्ता विचारतंय कुणाला. तो आकडा प्योल्लोचा नव्हता. ओळखीचाच नव्हता.

"तुझं यंत्र घुबडाला विचारतच नाहीये, औलिस. मग घुबड उत्तर काय देणार, कपाळ?"

"मग कुणाला विचारतंय?"

"दुसऱ्याच कुणाला तरी. घरात कुणीतरी परका बसलाय आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतोय, मला विचारा, मला सगळं ठाऊक आहे. त्याला बाहेरचं जग ठाऊक आहे. आपला मेत्सो ठाऊक नाही."

ती तशीच साम्प्साकडे गेली. साम्प्साने योआकिमला विचारलं. योआकिम म्हणाला, असं होऊ शकतं, पण मग तो परका दाखवा. आता दाखवायचा तर कामाच्या वेळात तारा काढायच्या नाहीत. म्हणून चार वाजता सगळे घरी गेले की सिर्कू एकेक तार उपटून बघू लागली. परका गप्प. दुसऱ्या दिवशीही चारनंतर गप्प, आणि सकाळच्या कॉफीनंतर पुन्हा हजर. अगदी करारात बसणारा कामगार. वेळेवर यायचं आणि चार वाजले की घरी.

म्हणजे तो कुणाच्या तरी पिशवीतून येत असला पाहिजे. घरून आणलेलं एखादं उपकरण असेल. असं तिच्या डोक्यात बसलं, आणि एकदा तिच्या डोक्यात बसलेलं काढायला कुऱ्हाड लागते. सकाळी ती जिन्यापाशी उभी राहिली आणि प्रत्येकाला म्हणाली, पिशवी उघड.

फिनलंडमध्ये असं कुणी कुणाला म्हणत नाही. कुणी ओरडलं नाही. सगळ्यांनी मुकाट्याने पिशव्या उघडल्या, ते ओरडण्यापेक्षा वाईट होतं. हिशेब बघणारी राइया तिची जुनी मैत्रीण, दोघी उन्हाळ्यात एका नावेतून मासे धरायला जायच्या. राइयाने विणकामाचा गुंडा काढून तिच्या हातात ठेवला. "घे, उसवून बघ. लोकरीत लपला असेल." त्या दिवसापासून दोघींचं बोलणं बंद.

आता प्रश्न असा की एवढ्या हुशार बाईने सगळी कचेरी धुंडाळली आणि कॉफीची खोली का सोडली? तर तिथे तिने पाय टाकायचा नाही असं ठरवलं होतं.

झालं होतं असं. साम्प्साने जुनी कॉफीची किटली मागच्या शेडमध्ये टाकली आणि त्या जागी कपाटाएवढं नवं यंत्र आणलं. बिया दळणारं, दुधाला फेस आणणारं, वर काचेचा पडदा असलेलं. भाड्याने आणलेलं, पण ठेवलं, लावलं, पुसलं सगळं साम्प्साने स्वतः, बाही वर सारून. पहिल्या दिवशी सिर्कूने कप खाली धरला, तेव्हा पडद्यावर अक्षरं आली, 'नमस्कार! तुझं नाव काय?'

"याला कशाला सांगू माझं नाव?" सिर्कू म्हणाली. तिने कप धुऊन उपडा घातला आणि दुसऱ्या दिवसापासून घरून थर्मास आणायला लागली. औलिसने समजूत घातली, तीन-चार जणांनी चेष्टा केली, पण ही आपली आपल्या टेबलाशी बसून आपली कॉफी पिणार. त्या खोलीच्या भिंतीत तारेसाठी एक जागा होती, ती तिनेच कधीकाळी बसवली होती आणि ती कधी कुणी वापरली नव्हती. तिच्या डोक्यातल्या नकाशात ती मोकळी होती. मोकळ्या जागेत काय बघायचं?

शुक्रवार उजाडला म्हणायचा, नाहीतर नोव्हेंबरात तसं काही उजाडत नाही. बाहेर बर्फाचा चिखल झाला होता, दाराशी बुटांची रांग लागली होती आणि आत सगळे लोकरी मोज्यांवर फिरत होते. सिर्कूने लाल ब्लाउज घातला होता. काखेत थर्मास मारून ती महिन्याभराने कॉफीच्या खोलीत शिरली.

टेबलावर मेणबत्त्या, वेलदोडा घातलेले पुल्ला पाव, आणि मधोमध साईचा मोठा केक. केक राइयाने केला होता. न बोलणाऱ्या माणसासाठीसुद्धा केक करावाच लागतो. वर चॉकलेटने लिहिलं होतं, 'किइतोस सिर्कू'. किइतोस म्हणजे धन्यवाद. अक्षरं सुबक होती.

योआकिम पहिल्यांदाच दिसत होता. तिला वाटला होता त्यापेक्षा तरुण आणि दमलेला, हातात फुलं. "मला खरंच वाईट वाटतंय," तो म्हणाला.

"तुला कशाला? तुला तर काम मिळालं."

"आज तरी आमच्या यंत्राची घे," साम्प्साने कप पुढे केला.

"यंत्र तुमचं, निरोप माझा. मी माझीच पिणार."

कुणीतरी मागे फिसकन हसलं. साम्प्साने खांदे उडवले आणि पाहुण्याच्या कपासाठी बटण दाबलं. यंत्र घुरघुरत जागं झालं. त्याच्या पाठीमागे, भिंतीच्या सावलीत, साबणाच्या वडीएवढी एक काळी डबी होती. तिच्यावर एक दिवा लागला. हिरवा.

सिर्कू बघतच राहिली. डबीतून निघालेली करडी तार यंत्रामागून खाली उतरत होती आणि भिंतीतल्या त्या मोकळ्या जागेत घुसली होती. कॉफी काढली की डबी जागी होते. सगळे घरी गेले की यंत्र झोपतं, डबीही झोपते. कॉफीनंतर हमखास. एवढे दिवस औलिस ओरडून सांगत होता आणि ती लोकांच्या पिशव्या उचकत होती. तिला स्वतःच्याच कानाखाली द्यावीशी वाटली. एक दिवस, फक्त एक दिवस हट्ट सोडून इथे कप भरायला आली असती तर?

साम्प्साने चमचा कपावर वाजवला. "मंडळी, सिर्कूला दोन शब्द बोलायचेत."

"हो, बोलायचेत," सिर्कू म्हणाली. "योआकिम, तुझं यंत्र भिंतीवरच्या पडद्याला जोडलंयस ना? झाकण उघड आणि मेत्सो दाखव."

योआकिमने साम्प्साकडे पाहिलं. साम्प्साने मान हलवली. पडद्यावर एक रिकामी चौकट फिरत राहिली आणि मग अक्षरं आली, मेत्सो सापडत नाही.

"बघा," साम्प्सा हळूच म्हणाला, "हेच ते."

"हेच. आता हे बघ, योआकिम, तुझं यंत्र पत्ता विचारतंय कुणाला?"

त्याने दोन-तीन बटणं दाबली. त्याची भुवई वर गेली. "प्योल्लोला नाही," तो पुटपुटला.

"मोठ्याने सांग. मागे ऐकू येत नाहीये."

"प्योल्लोला विचारत नाहीये! दुसराच आकडा आहे हा."

तोवर सिर्कू कॉफीच्या यंत्राच्या मागे पोचली होती. ती गुडघ्यांवर बसली आणि तिने तार मुठीत धरली.

"सिर्कू!" राइया ओरडली. इतक्या दिवसांतला तिचा हा पहिला शब्द. "अगं, कॉफी बंद पडेल!"

खोलीभर रिकामे कप होते. या देशात सरकार पडलं तरी लोक दुसऱ्या दिवशी कामावर जातात, पण नऊची कॉफी बंद पडणं ही गोष्ट वेगळी. साम्प्सा दोन पावलं पुढे आला. "सोड ती. पाहुण्यांसमोर तमाशा नको. मी संचालक म्हणून सांगतोय."

"आणि मी हे जाळं उभं केलंय म्हणून सांगते," सिर्कू म्हणाली आणि तिने तार उपटली.

यंत्र घुरघुरलं. दुधाचा फेस कपात पडत राहिला, जणू काही झालंच नाही.

"आता झाकण मिटून परत उघड. मेत्सोला हाक मार."

योआकिमने झाकण मिटलं, उघडलं, मेत्सोला हाक मारली. पडद्यावर हिरवा नकाशा पसरला. तळी, वाटा, औलिसने रंगवलेल्या रानांच्या हद्दी. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. औलिस फक्त म्हणाला, "हात्तिच्या!"

योआकिम यंत्रामागे वाकून डबी बघत होता. "हिला बाहेर जायला स्वतःची मोबाइल जोडणी आहे. तारेची गरजच नव्हती. तार जोडली आणि ही तुमच्या यंत्रांनाही पत्ते वाटायला लागली. झाकण उघडल्यावर जे आधी उत्तर देईल, त्याचंच यंत्र ऐकतं. कुणी जोडली ही?"

खोलीत डझनभर माणसं आणि एक घुरघुरणारं यंत्र. साम्प्साचे कान आधी लाल झाले, मग गाल. तो गप्प बसला असता तर कुणाला कधी कळलंही नसतं.

"मी," तो म्हणाला. "खोक्यात तार उरली होती. भिंतीत जागा मोकळी होती."

"उरली म्हणून जोडलीस?" औलिसने विचारलं.

"मग तशीच लोंबकळत ठेवायची?"

यावर कुणाला हसू आलं नाही, कारण उरलेली तार लोंबकळत ठेवणारा माणूस लेहतोहार्यूत अजून जन्मायचा आहे. त्यातल्या प्रत्येकाने हेच केलं असतं, सिर्कूने सुद्धा.

"आणि आम्ही पिशव्या उघडल्या," राइया म्हणाली.

सिर्कू उठून उभी राहिली. तार अजून तिच्या हातात होती. "पिशव्यांची चूक माझी. ती मी म्हणते, सगळ्यांसमोर म्हणते. राइया, मला माफ कर. इथे महिनाभर पाय ठेवला नाही, ती चूकही माझी. आले असते तर पहिल्याच दिवशी दिसलं असतं. माझी जी आहे ती मी म्हणेन. पण घुबडाने काही केलेलं नाही. ते मी परवाही म्हटलं नाही, आज म्हणणार नाही, आणि मला इथून उचलून बाहेर टाकलंत तरी म्हणणार नाही."

राइयाने नाक पुसलं. "केक वितळतोय," ती म्हणाली.

"तरी प्योल्लो जुना आहेच," योआकिम हळूच म्हणाला. त्याचंही बरोबर होतं.

"आहे ना. बदलू. मीच बदलेन. त्याला धड निरोप देऊन बदलेन, चोर ठरवून नाही."

साम्प्सा हातातल्या कपाकडे बघत होता. "म्हणजे आता हे... हा निरोप..." त्याने कप खाली ठेवला. "कंपनीला मी आज कळवतो. आपलं जाळं आपल्याकडेच राहील."

"आज म्हणजे कॉफीनंतर," सिर्कू म्हणाली. "आता केक कापू दे."

ज्याचा केक त्याने पहिली सुरी चालवायची असते. सिर्कूने सुरी घेतली आणि बरोबर दोन शब्दांच्या मधून खालपर्यंत फिरवली. 'किइतोस' लिहिलेला अख्खा तुकडा उचलून तिने ताटलीत ठेवला आणि ताटली साम्प्साच्या हातात दिली. 'सिर्कू' लिहिलेला केक टेबलावरच राहिला.

"हे तुझ्या वाटणीचं," ती म्हणाली. "आणि हे नाव इथेच राहतंय."

साम्प्साने ताटली दोन्ही हातांनी धरली. त्याचे कान अजून लालच होते. "किइतोस, सिर्कू," तो पुटपुटला.

सिर्कूने थर्मासचं झाकण फिरवलं आणि आपली कॉफी ओतून घेतली.

"मोठ्याने सांग," ती म्हणाली. "मागे ऐकू येत नाहीये."